थकली आणि भागली

पांढुर्ण्याहून सौंसरला जाणाऱ्या बसमध्ये मला पूर्ण जागा कधी मिळाली नाही, आणि मी पूर्ण जागाही कधी राहिलो नाही. अर्ध्या बाकावर अर्धा झोपलेला असा मी दर रविवारी सकाळी आईकडे जातो. खिडकीतून संत्र्यांचे बगीचे मागे सरकतात, मध्येच कपाशीच्या पऱ्हाटीचं रान येतं, मोहगावकडून एखादी मोटारसायकल येऊन बसला मिळते आणि पुन्हा हरवते. हे सगळं मी पापण्यांच्या फटीतून पाहतो. दुसऱ्या कोणाचं स्वप्न थोडा वेळ उसनं घेतलं असावं, असं वाटत राहतं. जामसांवलीला अर्धी बस उतरते. तिथला मारुती आडवा झोपलेला आहे आणि लांबलांबचे लोक त्या झोपलेल्या देवाच्या दर्शनाला येतात. मी बौद्ध घरातला, तिथं उतरत नाही. पण त्या थांब्यावर दर वेळी मनातल्या मनात म्हणतो, बाप्पा, निदान तुझ्या इलाक्यात तरी झोपलेल्या माणसाला कोणी नावं ठेवू नये.

माझं वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि पोट वयाच्या पुढे. नगरपालिकेच्या खुर्चीत बसून ते मी प्रामाणिकपणे कमावलं आहे. घरात मी गोष्टी सांगणारा म्हणून ओळखला जातो. लग्न असो की कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, जेवणं झाली की मला भिंतीला टेकून बसवतात आणि म्हणतात, ते सांगा न. बायकोचं म्हणणं असं की ऐकणारे गोष्टीला हसत नाहीत, गोष्टीत मी जे करतो त्याला हसतात. ही गोष्टही तशीच आहे. हिच्यात मी बऱ्याच वस्तू विकत आणतो.

आई सौंसरला एकटी राहते. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यापुढे गल्ली. बाबा नोकरीत होते, आई दुसऱ्यांच्या वावरात. कापूस वेचणं, संत्र्याच्या तोडीला जाणं, निंदण, जे असेल ते तिनं केलं. आता सत्तरी ओलांडली आहे. शुगर तिला बऱ्याच वर्षांपासून आहे. मुक्कामाला आलेला, जायचं नाव न घेणारा एखादा पाहुणा असावा, तशी ती शुगरबद्दल बोलते. आज बरी आहे म्हणे. काल रुसून होती.

रविवारी सकाळी वस्तीतल्या विहारात वंदना असते आणि ती आई घेते. मूर्तीसमोर अंथरलेल्या पहिल्या सतरंजीवर ती पांढऱ्या साडीत मांडी घालून बसते. ती म्हणते, आणि तिच्या मागून सगळे म्हणतात. आवाज मोठा नाही, पण चरख्यावरून उतरलेल्या सुतासारखा सरळ आहे, कुठं गाठ नाही. डोळे मिटून ऐकताना मला पुष्कळदा वाटतं की मी अजून शाळकरी आहे आणि कोणीतरी मला थोपटत आहे. बायको सोबत आलेली असली तर हे वाटेपर्यंत तिनं कोपरखळी दिलेली असते.

विहारात अगदी मागे, भिंतीला लागून, प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग असते. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी. तिला आमच्याकडे बालकनी म्हणतात. टॉकीजचा शौक असलेल्या कोण्या म्हाताऱ्यानं हे नाव पाडलं आणि पहिला तोच तिथं जाऊन बसला. बालकनीचा कायदा असा की एकदा वर गेलेलं माणूस पुन्हा खाली येत नाही. तिथून वंदना म्हणता येते, वंदना घेता येत नाही.

गेल्या वर्षी आमच्या घरात एक वाक्य फिरायला लागलं. आई थकली.

आमच्या बोलीत हे वाक्य फार सोयीचं आहे. लिहिताना आम्ही थकली-भागली असं जोडीनं लिहितो, बोलताना मात्र या दोघी वेगळ्या घरच्या आहेत. भागणं म्हणजे दमणं. वावरातून आलेलं माणूस भागलेलं असतं. ते घोटभर पाणी पितं, आडवं होतं, आणि थोड्या वेळानं उठून चुलीपाशी जातं. थकणं म्हणजे वय होणं. कोणाचे वडील थकले म्हटलं की समोरचा पुढचं काही विचारत नाही, नुसती मान हलवतो. भागलेला उठतो, थकलेल्याला उठवावं लागतं.

तर आई थकली. फोनवर ती लवकर 'ठेव आता' म्हणू लागली. ऊन ओट्यावर चढेपर्यंत ती पुन्हा आडवी झालेली असायची. भाकर थापता थापता भिंतीला टेकायची आणि परातीतल्या पिठाकडे पाहत राहायची. बोलता बोलता वाक्य मध्येच सोडून द्यायची. ते वाक्य मग घरभर अर्धवट तरंगत राहायचं आणि आम्ही त्याच्या खालून वाकून ये-जा करायचो. दर वेळी कोणीतरी उसासा टाकून म्हणायचं, थकली. या एका शब्दात निदानही झालं आणि औषधही ठरलं. औषध म्हणजे आराम.

आराम पुरवण्याचं खातं माझ्याकडे आलं. मी आधी हातवाली खुर्ची आणली. मग एक उंच पलंग आणला. तो इतका उंच निघाला की त्यावर चढायला आईला पाट लागायचा आणि उतरायला मी. मग वॉकर आणला, त्यावर ती ओल्या साड्या वाळत घालते. पाणी भरायला, भांड्यांना बाई लावली. शुगर आहे म्हणून भात बंद केला, गूळ बंद केला, आणि संत्र्यांच्या मुलखात राहणाऱ्या बाईचं संत्रं बंद केलं. आई पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर, रविवारचा विहार सोडला तर एवढाच तिचा प्रवास उरला. जितका आराम वाढला तितकी ती अजून गळून जाऊ लागली, आणि आम्ही म्हणायचो, बघा, किती थकली.

थंडीतला एक रविवार होता. वंदना संपली की सगळ्यांना बाहेर पिटाळून आई मागे राहायची. म्हणायची, 'तुम्ही चला, मी सतरंज्या घडी करून येतो.' आमच्याकडच्या बायका 'येतो', 'करतो' असंच म्हणतात, बाहेरच्यांना ते ऐकून गंमत वाटते. या वयात ती एवढं करते याचं साऱ्या वस्तीला कौतुक होतं. त्या दिवशी मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि मफलर आत राहिला म्हणून परत फिरलो.

दारातच थांबलो. झरोक्यातून उन्हाची तिरपी पट्टी आत आली होती आणि उदबत्तीचा धूर तिच्यात हळूहळू फिरत होता. आई सतरंजीवर बसल्या बसल्या सरकत होती. दोन्ही तळवे टेकायची, अंग उचलायची, पुढे सरकायची, थांबायची. असं करत ती खांबापर्यंत गेली. खांबाला मिठी मारून तिनं वर उठायचा प्रयत्न केला, अर्ध्यातून खाली आली, आणि खांबाला कपाळ टेकून बसून राहिली. पुन्हा उठायला लागली, पुन्हा बसली. एवढ्या शांततेत हे चाललं होतं की बाहेरच्या कोंबडीच्या पंखांचा आवाज मला आत ऐकू येत होता. आत जाऊन हात द्यावा की नाही, ते मला कळेना. गेलो तर मी पाहिलं हे तिला कळणार होतं. शेवटी ती उभी राहिली. खांब धरून श्वास घेतला, पदर सारखा केला, आणि मग पायानंच सतरंज्या गोळा करायला लागली. मी दोन पावलं मागे जाऊन खोकलो.

'मफलर राहिला का?' ती म्हणाली.

त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी झोपलो नाही असं नाही, पण झोपेत तो खांब सारखा वर वर जात होता आणि त्याच्या टोकाला आई लहान होत होती.

घरी बायकोला सांगितलं. ती पीठ मळत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, 'पलंग नेला, खुर्ची नेली. आता एखाद्या दिवशी आईलेच कुठी नेऊन पाहा.' म्हणजे दवाखान्यात.

एवढ्यात दुसरी गोष्ट कानावर आली. आईच्या शेजारची मावशी, जिचं आणि आईचं भांडण आणि प्रेम एकाच ओट्यावर चालतं, तिनं मला गल्लीत थांबवून मोठ्या मायेनं सांगितलं. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास लागतो. पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात वंदना आणि वाचन असतं. आजवर ते आईनं घेतलं. पण आता विहारातल्या बायका म्हणून राहिल्या की या खेपेला दुसऱ्या कोणाला समोर बसवावं. 'थकली न रे आता तुही माय. तीन महिने रोज खाली बसनं झेपत नाही. तिले बालकनीत बसू द्या सुखानं.' मी मान हलवली. त्या वाक्यावर मान हलवायचीच आम्हाला सवय.

आई ओट्यावरच बसली होती. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. पण दवाखान्यात चल म्हटल्यावर ती एका शब्दात हो म्हणाली, म्हणजे ऐकलं असावं.

डॉक्टर बाई तरुण होत्या, जबलपूरकडच्या, हिंदी बोलणाऱ्या. आईला हिंदी समजते, पण दवाखान्यात ती मराठीशिवाय बोलत नाही. दुखणं परक्या भाषेत सांगितलं तर औषधही परक्यालाच लागू पडेल, असा काहीसा तिचा हिशेब आहे. त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे. डॉक्टर बाईंनी प्रेमानं विचारलं, 'माताजी, थकान लगती है?'

आईनं पाठ ताठ केली. खुर्चीचे हात सोडले. 'नाही जी,' ती म्हणाली, 'मी नाही थकली अजून.'

डॉक्टर बाई लिहायला लागल्या. मी दुभाष्याचं कर्तव्य केलं. म्हटलं, डॉक्टरसाहब, कहती हैं, अभी बूढ़ी नहीं हुई.

त्यांचा पेन थांबला. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'उमर मैंने कब पूछी?'

पंख्याचा आवाज मोठा झाला असं मला वाटलं. माझ्या डोक्यात फार हळू, आमची पांढुर्णा-सौंसर बस घाट चढते तशा चालीनं, एक गोष्ट वर यायला लागली. वर्षभर आम्ही तिला हेच विचारत होतो. फोनवर, ओट्यावर, पलंगाजवळ. आई, थकल्यासारखं वाटते का? आणि वर्षभर ती नाही म्हणत होती. दुसरं काय म्हणणार? आम्ही विचारत होतो, तू संपली का.

मी खुर्ची तिच्याकडे वळवली. म्हटलं, आई, तू भागते का?

'भागतो न,' ती लगेच म्हणाली. कोणी तरी आज पहिल्यांदा मराठीत बोललं, असा चेहरा केला. 'भागाले काय झालं? सकाळी उठतो तं भागलीच उठतो. रातभर झोपली तरी भागलीच. जिनिंगमध्ये कापसाची गंजी राहते का नाही, तिच्यावर चाललं तं पाय कसे रुततात? तसं मले घरातल्या घरात होते. पाय उचलाले जातो तं पाय अंदरच. अन् हात धराले कोणी नाही, धरलं तं कापूसच हाती येते.'

एवढं सलग ती कितीतरी महिन्यांत बोलली नव्हती. मी हिंदीत सांगत गेलो आणि सांगता सांगता मला ते दिसायला लागलं. आमच्या दोन खोल्या छतापर्यंत पांढऱ्या कापसानं भरलेल्या, आणि त्यात आई कमरेपर्यंत, हळूहळू, चहा करायला निघालेली.

मग डॉक्टर बाईंनी विचारायला सुरुवात केली आणि उत्तरं आपोआप निघत गेली. दुपार व्हायच्या आधी फार होते का, तर हो. घाम फुटून हात थरथरतात का, तर हो. गोळी घेतल्यावर खाता काय? आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काय काय बंद केलं होतं ते एकेक बाहेर आलं. भात, गूळ, दूध, संत्रं, बटाटा. 'ये सब किसने बंद किया?' असं विचारलं गेलं तेव्हा मी भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र फार बारकाईनं पाहत होतो.

रक्त तपासलं. एक गोळी तिला जास्त होत होती आणि वर पोट रिकामं, म्हणून शुगर दुपारआधी खाली जायची. एक व्हिटॅमिनही कमी निघालं. गोळी बदलली, सकाळी पोटभर नाश्ता, डाळ, अंडं, दूध सुरू झालं, आणि रोजच्या मापात संत्रं परत मिळालं. आईनं दवाखान्यातून निघताना डॉक्टर बाईंना हात जोडले ते बहुधा त्या संत्र्यासाठी. पण खरी गोष्ट त्यांनी मांडी दाबून पाहिल्यावर सांगितली. जुनी शुगर पायातलं बळ हळूहळू खाते, आणि उरलेलं बळ आराम खातो. एका पोत्याला दोन उंदीर. दुसरा उंदीर मी हप्त्याहप्त्यानं दूध पाजून वाढवला होता. त्यांनी आईला विचारलं, तुम्हाला काय करता यायला हवं? चालणं, जिना, बाजार? आईनं सांगितलं, खाली बसून आपलं आपण उठता आलं पाहिजे. डॉक्टर बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, होईल, बरंचसं होईल. सगळंच परत येईल असं सांगत नाही, आणि काही दिवस वाईटही जातील.

उठण्याचीही रीत असते हे मला तेव्हा कळलं. आधी खुर्चीतून हात न लावता उठायचं, बसायचं. पुढे जमिनीवरून. एका कुशीला वळायचं, गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे रोवायचं, हाताखाली काहीतरी ठेंगणं घ्यायचं आणि मग वर. घाई नाही. मी ते सगळं समजून घेतलं, कारण समजून घेण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

आंबिया बहाराचे दिवस होते. संत्र्यांची फुलं फुटली की आमच्या भागात हवेला गोड गुंगी येते. माणसं बोलता बोलता थांबतात आणि कुठं थांबलो ते विसरतात. असल्या एका रविवारी दुपारी मी आईच्या खोलीत सतरंजी अंथरली, शेजारी लाकडी स्टूल ठेवलं आणि म्हटलं, पाहा, असं करायचं. मी खाली बसलो. आईही भिंतीला धरून बसली. मी कुशीला वळलो, गुडघ्यांवर आलो, पाऊल रोवलं, आणि माझ्या गुडघ्यात काहीतरी असं वाजलं की आईनं मांजर आलं का म्हणून दाराकडे पाहिलं. मी परत बसलो. पुन्हा प्रयत्न केला. पोट मध्ये येतं, त्याला आधी बाजूला ठेवावं लागतं आणि ते ठेवायला दुसरा हात लागतो. शेवटी मी तिथंच पसरलो. आईही आडवी झाली.

आम्ही दोघं मायलेक भरदुपारी जमिनीवर पडून टिनाच्या छताकडे पाहत राहिलो. एका भोकातून उन्हाचा कवडसा आला होता, तो तिच्या पोटावरून माझ्या पोटाकडे सरकत होता. माझ्या पोटावर तो बराच वेळ राहणार होता. बगिच्यांचा वास आत येत होता आणि मला कळेना की मी जागा आहे की बसमध्ये आहे. आई छताकडेच पाहत बोलायला लागली.

'मावशीनं तुले सांगतलं न?'

मी हो म्हटलं. म्हटलं, तिचंही काही वाईट नाही आई. तीन महिने रोज. खुर्चीवर बसलीस तरी वंदना वंदनाच आहे.

तिनं डोळे मिटले. मला वाटलं तिला झोप लागली.

'शाळेत मले मांगं बसवत,' ती म्हणाली. 'दाराजवळ. मास्तरचं ऐकू येये, फळा दिसे नाही. वावरात मालकाच्या पंगतीले मांगं. लग्नात मांगं. सारी जिनगी मांगं बसली मी बाबू, तेच्याचं मले काई नाही, सवय होते. पण विहारात मी समोर बसतो. मी म्हणतो अन् लोकं माह्या मांगून म्हणतात.' ती थांबली. वाक्य अर्ध्यात सोडलं असं वाटलं. पण नाही. 'तिथून मले नोको उठवू.'

कवडसा माझ्या छातीपर्यंत आला तेव्हा ती कुशीला वळली, गुडघ्यांवर आली, स्टूल धरलं, थांबली, श्वास घेतला, पाय रोवला आणि उभी राहिली. वरून माझ्याकडे पाहिलं. 'तू तं थकला रे बाबू,' ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. मी त्या स्टुलाला, भिंतीला आणि शेवटी उंच पलंगाला धरून उठलो. पलंग कामी आला तो तेवढाच.

यानंतर सगळं चांगलं होत गेलं असं लिहायला मला आवडलं असतं. काही दिवस ती ओट्यावरून फोन करायची, आज बादली भरली, आज गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा गेली. भांड्यांच्या बाईला तिनं गोड बोलून रजा दिली. मग चैत्राच्या उन्हात ताप आला, शुगर वर गेली, आणि ती पुन्हा कापसात रुतली. आठवडाभर खुर्चीतून उठणं बंद. त्या दिवसांत फोनवर ती एवढंच म्हणायची, 'आज भागली.' मी विचारायचो, कालच्यापेक्षा जास्त? ती सांगायची. एवढंच बोलणं, पण आता ते बोलणं होतं. तिनं आज नाश्ता केला का, गोळी कधी घेतली, हे मग पुढे आपोआप विचारलं जायचं. ताप गेल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. घरी स्टूल धरून ती उठायला लागली. चांगल्या दिवशी एका दमात, वाईट दिवशी नाही.

विहारात स्टूल नव्हतं. मी अर्थातच घडीचं एक स्टूल विकत आणलं. तिनं ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, 'विहारात काय दुकान लावाचं हाय?' ते आता पांढुर्ण्याला आमच्या न्हाणीघरात आहे.

विहारातल्या बायकांची बैठक झाली. आईनं तिथं काय सांगितलं ते मला कळलं नाही. मावशीनं एवढंच सांगितलं की या खेपेला सुरुवात तिलाच करू द्यायची, पुढचं मग पाहू. पुढचं मग पाहू म्हणजे सगळ्यांचं लक्ष पहिल्या संध्याकाळीच राहणार, हे न सांगता कळत होतं.

आषाढी पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरला होता. मेणबत्त्या लागल्या, दारापाशी चपलांचा ढीग, बालकनीत एकही खुर्ची रिकामी नाही. आई समोर बसली. मी आणि बायको मधल्या रांगेत. तिनं सुरू केलं आणि तो आवाज नेहमीसारखाच निघाला, त्यात पाय नव्हते, गुडघे नव्हते, शुगर नव्हती. ज्योती हलत होत्या, भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळून एकच मोठी, मंद सावली झाली होती, आणि ती सावलीच आईच्या मागून म्हणत आहे असं मला वाटत होतं. वाचनही तिनंच केलं. मग शेवटचं म्हणून झालं, हात खाली आले, आणि माणसं उठायला लागली.

आई बसून होती. तुम्ही चला असं ती म्हणाली नाही. खांबाकडेही पाहिलं नाही. ती कुशीला वळली, गुडघ्यांवर आली, एक हात फरशीवर, एक पाऊल पुढे. तिथपर्यंत आली आणि थांबली. अर्धी खाली, अर्धी वर. मला तिची पाठ दिसत होती, पांढऱ्या साडीत थरथरणारी. मी उठायला गेलो तर बायकोनं मागून शर्ट धरला. आजूबाजूला लोक उभे होते, कोणी पदर सावरत होतं, कोणी पोराला शोधत होतं. आता सगळे पाहतील, असं मला वाटलं. आता ही बातमी गल्लीभर जाईल, आणि उद्या समोर दुसरं कोणी बसेल.

आईनं बाजूला हात पसरला. मान न वळवता.

'हात दे व,' ती म्हणाली.

बाजूला मावशी होती. तिनं हात दिला, ओढलं, स्वतःच थोडी डुलली, आणि दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. 'काय झालं व?' मावशीनं विचारलं.

'काई नाही. आज भागली.'

'मी बी भागली बाप्पा,' मावशी म्हणाली, 'सकाळपासून भाकरीच थापून राहिली. पावणे आलेत न.' तिनं हात सोडला नव्हता. पायात रक्त उतरेपर्यंत आई तशीच उभी होती, आणि भोवती कोणाच्या तरी पोरीच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. बालकनीतले म्हातारे आपापले चष्मे शोधत होते.

'मी काय म्हणतो,' मावशी आईला म्हणाली, 'उद्या जरा लवकर घे न. मले घरी सैपाक हाय.'

'लवकर नाही,' आई म्हणाली. 'येळेवरच घेऊ.'